लोड ४१, सीपीयू रिकामा: लिनक्स सर्व्हरवरचे चालू जॉब कसे तपासायचे

रात्रीचे पावणेअकरा. आठ कोअरच्या सर्व्हरवर लोड ४१, आणि त्याच स्क्रीनवर दोन ओळी खाली सीपीयू ८८ टक्के रिकामा. लोडचा अलार्म मोबाइलवर वाजला म्हणून मी लॉगिन केलं होतं. नोकरीत नवी होते. लोड मोठा म्हणजे मशीनला धाप लागलीय, एवढंच शिकले होते. सगळ्यांत जास्त सीपीयू खाणारी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, शोधली, तर ती निघाली पगाराच्या जॉबची. तिला हात लावायचा नव्हता. बाकी नजरेत भरण्यासारखं काहीच नाही. मग फोनवर वरिष्ठांनी सांगितलं तसा सर्व्हर रीस्टार्ट केला. तो बंद होतानाच अडकून बसला आणि शेवटी कन्सोलवरून सक्तीने बंद करावा लागला. पगाराचा जॉब पहिल्यापासून चालवला. लोकांचे पगार दुसऱ्या दिवशी दुपारी झाले.

सकाळी कळलं की पगाराचा जॉब ठणठणीत होता. त्या रात्री त्या मशीनवर नेमाने काम करणारा तो एकटाच, आणि मी नेमका तोच बंद पाडला. उरलेल्या चाळीस प्रोसेस काम करत नव्हत्या, वाट बघत होत्या.

‘सर्व्हर स्लो झालाय’ अशी हाक आली की मी आता ज्या क्रमाने बघते तो क्रम खाली दिला आहे. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच असतो: हा जॉब धावतोय का थांबलाय, आणि थांबला असेल तर कशासाठी? कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी नोंद, मग हात

पहिलं काम म्हणजे काहीही न मारणं. ‘डेट’ टाकून सर्व्हरचं घड्याळ बघा. क्लाउडवरचे बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतात, म्हणजे मध्यरात्री १२ ला लावलेला क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप सुटणारं काम) आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुटतो. ‘रोज पहाटे साडेपाच-सहाला साइट हळू होते’ ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता पहिला संशय त्याच्यावरच जातो.

मग सगळ्या प्रोसेसची यादी एका फाइलमध्ये साठवा. ‘पीएस’च्या पूर्ण आउटपुटला ‘मोठे आहे’चं चिन्ह लावून टेम्प फोल्डरमधल्या फाइलकडे वळवलं की झालं, दहा सेकंदांचं काम. मात्र ‘टेम्प’ काही सिस्टिमवर मेमरीतच असतो आणि रीस्टार्टबरोबर पुसला जातो, म्हणून फाइल स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवणं बरं. अर्थात तुमचं होम फोल्डर नेटवर्कवरच्या स्टोरेजवर असेल आणि तेच स्टोरेज आजारी असेल, तर तुम्हीही त्या रांगेत जाऊन उभे राहाल. तेही आधी माहीत असावं.

लोडचे तीन आकडे

‘अपटाइम’ टाका. ओळीच्या शेवटी तीन आकडे येतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचा सरासरी लोड. ही साधी सरासरी नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर पाच सेकंदांनी मोजणी करतो आणि जुन्या मोजणीचं वजन हळूहळू कमी करत नेतो. त्यामुळे पंधरा मिनिटांचा आकडा सोळाव्या मिनिटाचंही थोडं ओझं वाहत असतो.

आकडे वाचायची रीत सोपी आहे. १२, ४, १ दिसलं तर गडबड आत्ता सुरू झाली. १, ४, १२ दिसलं तर ती ओसरली आणि तुम्ही उशिरा पोचलात. तिन्ही आकडे मोठे पण एकमेकांना चिकटून असतील तर काहीतरी बराच वेळ साचत आलं आहे. माझ्या त्या रात्री तसंच होतं आणि मी फक्त पहिला आकडा वाचला. मशीनवर किती कोअर आहेत ते ‘एनप्रॉक’ सांगतं; आठ कोअरला लोड ८ म्हणजे खिडक्या आठ आणि माणसं आठ, रांग नाही.

पण ही खिडक्यांची उपमा लिनक्सवर अर्धीच खरी आहे, आणि घोळ तिथेच होतो. इतर बऱ्याच युनिक्स प्रणालींमध्ये लोड म्हणजे सीपीयूवर असलेल्या आणि सीपीयूची वाट बघणाऱ्या प्रोसेसची संख्या. लिनक्समध्ये १९९३ साली एका छोट्या बदलाने त्यात आणखी एक गट धरला गेला: अखंड झोपेत असलेल्या प्रोसेस, म्हणजे बहुतेक वेळा डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइलच्या उत्तरासाठी ताटकळणाऱ्या. संथ डिस्कवर स्वॅप करणारं (रॅममधला मजकूर डिस्कवर हलवणारं) मशीन व्यस्त दिसायला हवं, हा त्यामागचा विचार होता. तो पटण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की लोड ४१ या आकड्यावरून ४१ जण कामाला भिडले आहेत की ४० जण बंद दारापुढे बसले आहेत, ते कळत नाही. म्हणून लोडचा अलार्म लावावा, पण निदान त्याच्या भरवशावर करू नये.

रांग कोणती ते ठरवा

यासाठी ‘व्हीएमस्टॅट १ ५’: दर सेकंदाला एक, अशा पाच ओळी. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. उरलेल्या चार ओळींत डावीकडून सुरुवात करा.

‘आर’ रकान्यात धावणाऱ्या आणि सीपीयूसाठी थांबलेल्या प्रोसेस असतात. हा आकडा सतत कोअरच्या संख्येपेक्षा मोठा असेल तर रांग खरोखर सीपीयूची आहे. ‘बी’ म्हणजे इनपुट-आउटपुटसाठी अडकलेल्या. ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे स्वॅपमधून आत येणं आणि बाहेर जाणं. स्वॅप थोडा वापरात असणं वाईट नाही, पण हे दोन रकाने दर सेकंदाला हलत असतील तर मेमरी कमी पडते आहे आणि बाकीची लक्षणं त्याच्यामागून येणार.

उजवीकडे सीपीयूच्या वेळेची वाटणी असते. ‘यूएस’ म्हणजे प्रोग्रॅमचं स्वतःचं काम, ‘एसवाय’ म्हणजे कर्नलचं, ‘आयडी’ म्हणजे रिकामा वेळ. ‘डब्ल्यूए’ हाही रिकामाच वेळ असतो, फक्त त्या वेळी कोणाची तरी डिस्कची मागणी बाकी होती इतकंच. म्हणून त्याच मशीनवर सीपीयू खाणारा दुसरा जॉब सुरू केला की ‘डब्ल्यूए’ खाली येतो, डिस्क तेवढीच संथ असूनही! त्यापुढचा ‘एसटी’ क्लाउडवाल्यांनी विसरू नये. तुमच्या व्हर्च्युअल मशीनला धावायचं होतं, पण खालच्या खऱ्या मशीनने तिला सीपीयू दिला नाही, तो हा वेळ. तो दहा-वीस टक्क्यांवर राहत असेल तर आपल्या मशीनवर जॉब शोधत बसण्यात अर्थ नाही.

एक खाच इथे आहे. ‘बी’ आणि ‘डब्ल्यूए’ मोजताना कर्नल ठरावीक प्रकारची वाट बघणंच धरतो. एनएफएस (नेटवर्कवरून फाइल पुरवणाऱ्या) सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबलेली प्रोसेस लोडमध्ये मोजली जाते, पण या दोन रकान्यांत बऱ्याचदा येत नाही. लोड आभाळाला, ‘डब्ल्यूए’ शून्य, सीपीयू मोकळा, असं विचित्र चित्र दिसलं की आधी नेटवर्कवरचं स्टोरेज आठवावं.

टॉप, आणि त्यातल्या कळा

‘टॉप’ सगळ्यांना माहीत असतं. १९८४ पासून ते कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. पण बहुतेक जण ते उघडून नुसते बघत राहतात. ‘१’ दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसेल. ही एक कळ मी सगळ्यांत जास्त वापरते. सोळा कोअरच्या मशीनवर एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालणारा जॉब एक कोअर पूर्ण पिळून काढत असला तरी एकूण वापर जेमतेम ६ टक्के दिसतो. डॅशबोर्ड हिरवागार, आणि जॉब मात्र त्याच्यापुरता पूर्ण अडलेला. अशा वेळी कोअर वाढवून मागणं म्हणजे पैसे पाण्यात. वेगवान कोअर लागेल किंवा जॉब तुकड्यांत वाटावा लागेल.

उलट, एखाद्या प्रोसेससमोर सीपीयू ४०० टक्के दिसला तर घाबरू नका. शंभर टक्के म्हणजे एक कोअर. ती चार कोअर वापरते आहे. कॅपिटल ‘एच’ दाबलं की त्या प्रोसेसचे धागे सुटे दिसतात. कॅपिटल ‘पी’ सीपीयूप्रमाणे क्रम लावतं, कॅपिटल ‘एम’ मेमरीप्रमाणे, कॅपिटल ‘टी’ आतापर्यंत खाल्लेल्या एकूण सीपीयू वेळेप्रमाणे. लहान ‘सी’ने पूर्ण कमांड दिसते. जावाचे सहा जॉब एकाच नावाने चालू असतात तेव्हा त्याशिवाय गत्यंतर नाही. लहान ‘यू’ दाबून युजरचं नाव दिलं की त्याचेच जॉब राहतात. मनासारखी मांडणी झाली की कॅपिटल ‘डब्ल्यू’ दाबून साठवा. आणि लहान ‘के’ जपून: ती मारायची कळ आहे.

मेमरीच्या तीन रकान्यांपैकी ‘व्हर्ट’कडे दुर्लक्ष करा, ती प्रोसेसने मागून ठेवलेली जागा असते, वापरलेली नव्हे. ‘रेस’ म्हणजे खरोखर रॅममध्ये असलेली. त्यातही ‘एसएचआर’ हा वाटून घेता येण्यासारखा भाग असतो, म्हणून डेटाबेसच्या वीस प्रोसेसच्या ‘रेस’ची बेरीज करून ‘रॅम पुरतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. तीच मेमरी वीसदा मोजली जाते.

टॉपमधली खरी अडचण अशी की ते सीपीयूप्रमाणे क्रम लावतं. थांबलेला जॉब सीपीयू खात नाही, म्हणून तो यादीच्या तळाशी, स्क्रीनच्या बाहेर असतो. माझे चाळीसजण तिथेच होते.

थांबलेल्यांची यादी

म्हणून ‘पीएस’. डॅश ‘ईओ’ हा पर्याय द्यायचा आणि पुढे हवे ते रकाने स्वल्पविरामांनी जोडायचे: पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), पीपीआयडी (तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसचा क्रमांक), युजर, स्टॅट, डब्ल्यूचॅन, ईटाइम, टाइम, आर्ग्ज. मी हे एका छोट्या टोपणनावाने शेलमध्ये साठवून ठेवलं आहे, कारण घाईत हे टंकता येत नाही.

‘स्टॅट’मधलं पहिलं अक्षर बघा. ‘आर’ म्हणजे धावतंय किंवा धावायला तयार आहे. ‘एस’ म्हणजे साधी झोप, हाक मारली की उठेल. सर्व्हरवरच्या बहुतेक प्रोसेस बहुतेक वेळ याच अवस्थेत असतात आणि त्यात काही गैर नाही. ‘डी’ म्हणजे वर सांगितलेली अखंड झोप. ‘टी’ म्हणजे कोणीतरी थांबवून ठेवलेली. बऱ्याचदा कोणीतरी कंट्रोल-झेड दाबून जेवायला गेलेलं असतं. ‘झेड’ म्हणजे मेलेली, पण जिची नोंद तिच्या पालक प्रोसेसने अजून उचलली नाही ती. झेड मारता येत नाही, ती आधीच मेलेली आहे. ती मेमरीही खात नाही. पण अशा शेकडो साचत असतील तर ‘पीपीआयडी’ बघून पालक प्रोसेसमधली चूक शोधा. कॅपिटल ‘आय’ दिसेल ते कर्नलचे बसून असलेले धागे, त्यांना सोडा.

आता ‘डी’वाल्या ओळी वेगळ्या काढा. क्षणभर डी दिसणं स्वाभाविक आहे, डिस्क वाचताना सगळेच त्यातून जातात. पाच सेकंदांनी पुन्हा यादी काढा. त्याच पीआयडी अजूनही डीमध्ये असतील तर त्या अडकल्या आहेत. कशावर अडकल्या ते ‘डब्ल्यूचॅन’मध्ये कळतं, कर्नलच्या ज्या फंक्शनमध्ये प्रोसेस झोपली आहे त्याचं नाव तिथे येतं. नावात ‘एनएफएस’ किंवा ‘आरपीसी’ असेल तर नेटवर्कवरचं स्टोरेज. ‘ईएक्सटी४’, ‘एक्सएफएस’ किंवा ‘जेबीडी२’ असेल तर स्थानिक फाइल सिस्टिम. ते नाव पूर्ण समजलं नाही तरी चालतं. चाळीस ओळींत तेच नाव असेल तर कारण एकच आहे, एवढं नक्की.

मग ‘ईटाइम’ आणि ‘टाइम’ शेजारी ठेवून वाचा. पहिला म्हणजे जॉब सुरू होऊन किती वेळ झाला, दुसरा म्हणजे त्याने प्रत्यक्ष सीपीयू किती वापरला. जॉबची तब्येत कळायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. सहा तास झाले आणि सीपीयू पावणेसहा तास: जॉब कामात गढलेला आहे, कामच मोठं आहे किंवा कोड वाईट आहे. सहा तास झाले आणि सीपीयू चार मिनिटं: तो सहा तास कोणाची तरी वाट बघतोय. पीएसमध्ये सीपीयूच्या टक्क्यांचा रकानाही मिळतो, पण तो भुलवतो. ती जॉबच्या पूर्ण आयुष्याची सरासरी असते. सकाळी तासभर धावलेला आणि दुपारपासून अडकलेला जॉब त्यात संध्याकाळीही कामाचा वाटतो.

त्या रात्रीची यादी मी सकाळी, एका सहकाऱ्याने रीस्टार्टच्या आधी काढून ठेवली होती म्हणून, पाहिली. चाळीस प्रोसेस, सगळ्या डीमध्ये, सगळ्या एकाच बॅकअप स्क्रिप्टच्या फाइल-कॉपी. क्रॉन दर दहा मिनिटांनी ती स्क्रिप्ट सोडत होता आणि प्रत्येक नवी कॉपी आधीच्यांच्या मागे जाऊन उभी राहत होती. तासाला सहा, म्हणजे चाळीस जमायला साडेसहा तास आणि वर थोडा. शेवटची १०:४० ची, पहिली दुपारी ४:१० ची. स्टोरेजवाल्यांनी त्यांचा एनएफएस सर्व्हर देखभालीसाठी चारच्या सुमाराला खाली घेतला होता आणि वर आणायचा राहून गेला होता. उरलेला एक लोड पगाराच्या जॉबचा: आठातला एक कोअर, म्हणजे साडेबारा टक्के. बाकी ८८ टक्के रिकामा. सगळा हिशोब त्याच स्क्रीनवर होता.

रीस्टार्ट का अडकला तेही मग उमगलं. बंद होताना लिनक्स माउंट (जोडलेलं स्टोरेज) सोडवायला जातो आणि तोही त्याच बंद दारावर टकटक करत बसतो. असा संशय आला तर डिस्कवरची जागा दाखवणारं नुसतं ‘डीएफ’सुद्धा टाकू नका, तेही अडकतं आणि तुमचं टर्मिनल घेऊन बसतं. ‘डीएफ’ला डॅश ‘एल’ दिलं की ते स्थानिक डिस्कपुरतंच राहतं.

डिस्क संथ आहे का

स्थानिक डिस्कचा संशय असेल तर ‘आयओस्टॅट’, डॅश ‘एक्सझेड’ आणि १. हे आणि पुढचं ‘पिडस्टॅट’ दोन्ही ‘सिसस्टॅट’ पॅकेजमध्ये येतात. नसेल तर शांत दिवशी टाकून ठेवा. इथेही पहिला हप्ता टाकून द्यायचा. ‘आर-अवेट’ आणि ‘डब्ल्यू-अवेट’ म्हणजे एका वाचनाला किंवा लेखनाला, रांगेतला वेळ धरून, लागलेले मिलिसेकंद. चांगल्या एसएसडीवर हे एकच्या आसपास किंवा खाली असतात, फिरत्या डिस्कवर पाच-दहा चालतात. पन्नास-शंभर सतत दिसले तर रांग इथे आहे. ‘यूटिल’ १०० टक्के दिसलं की डिस्क भरून वाहते आहे असं लोक म्हणतात. फिरत्या डिस्कला ते बरंचसं लागू होतं. एसएसडी एका वेळी अनेक मागण्या पुऱ्या करते, म्हणून तिथे १०० टक्क्यांचा अर्थ फक्त ‘क्षणभरही पूर्ण रिकामी नव्हती’ इतकाच.

डिस्कवर ताण कोण टाकतंय ते ‘पिडस्टॅट’ डॅश ‘डी’ आणि १ दाखवतं, प्रोसेसनिहाय, सेकंदाला किती किलोबाइट ते. ‘आयओटॉप’ही चालेल.

मेमरी, आणि गायब झालेला जॉब

‘फ्री’ डॅश ‘एम’. ‘फ्री’ नावाचा रकाना लहान बघून छाती धडधडते, पण लिनक्स रिकामी रॅम फाइलच्या साठ्यासाठी (कॅशसाठी) वापरतो आणि मागितली की परत देतो. वाचायचा रकाना ‘अव्हेलेबल’. २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून कर्नलच तो अंदाज देतो. कॅश रिकामी करायची ती प्रसिद्ध एकओळी कमांड क्रॉनमध्ये लावलेले सर्व्हर मी पाहिले आहेत. त्याने आकडा सुंदर दिसतो आणि पुढची दहा मिनिटं सगळं डिस्कवरून पुन्हा वाचावं लागतं.

जॉब हळू नसून मधेच गायब झाला असेल, लॉगमध्ये शेवटची ओळ अर्धवट असेल, तर ‘डीमेसेज’ (डी-एम-ई-एस-जी) डॅश कॅपिटल ‘टी’ टाकून ‘किल्ड प्रोसेस’ शोधा. मेमरी संपली की कर्नल स्वतः एक प्रोसेस निवडून मारतो, आणि मोठी प्रोसेस आधी निवडली जाते, दोष कोणाचाही असो. कंटेनरमध्ये (मशीनवरच्या वेगळ्या कप्प्यात) चालणाऱ्या जॉबला स्वतःची मर्यादा असते. मशीनवर वीस जीबी मोकळे असताना तो दोन जीबीच्या कुंपणाला धडकून मरतो. एक्झिट कोड १३७ आला तर १२८ वजा करा. उरतात ९, म्हणजे किल सिग्नल. तो कर्नलकडूनच आला असेल असं नाही, पण आधी तिथे बघा.

नव्या कर्नलवर आणखी एक सोपी सोय आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० पासून ‘प्रॉक’च्या खाली ‘प्रेशर’ फोल्डरमध्ये सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा तीन फाइल असतात, ‘कॅट’ने वाचायच्या. ‘सम’ ओळ सांगते की किती टक्के वेळ निदान एक तरी काम त्या गोष्टीवाचून खोळंबलं होतं, आणि ‘फुल’ सांगते की किती वेळ सगळीच खोळंबली होती. गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांसाठी. लोडपेक्षा हा आकडा प्रामाणिक वाटतो, कारण तो रांगेतली डोकी मोजत नाही, वाया गेलेला वेळ मोजतो. काही वितरणांत हे बंद ठेवलेलं असतं. बूटच्या ओळीत ‘पीएसआय’ बरोबर १ लिहिलं की चालू होतं.

जिथे लिनक्सलाही दिसत नाही

सगळं तपासलं. सीपीयू मोकळा, डिस्क शांत, मेमरी भरपूर, जॉब साध्या ‘एस’मध्ये, ईटाइम वाढतोय आणि टाइम हलत नाही. असा जॉब बहुतेक वेळा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या उत्तरासाठी थांबलेला असतो, आणि माझ्या अनुभवात तो दुसरा प्रोग्रॅम म्हणजे डेटाबेस. तिथे कोणीतरी ओळ कुलूपबंद करून ठेवलेली असते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने मात्र सगळे निवांत झोपलेत.

पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’ या तक्त्यात बघा: ‘वेट-इव्हेंट-टाइप’मध्ये ‘लॉक’ लिहिलेलं असेल तर जॉब कुलपापुढे उभा आहे. कोणाच्या कुलपापुढे, ते ‘पीजी-ब्लॉकिंग-पिड्स’ फंक्शनला त्याची पीआयडी दिली की कळतं. दोषी बहुधा ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेत सापडतो: कोणीतरी व्यवहार उघडला, एक ओळ बदलली आणि कमिट न करता, म्हणजे बदल पक्का न करता, खिडकी तशीच ठेवून घरी गेलं. मायएसक्यूएलमध्ये सुरुवात ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’पासून करा. डेटाबेस नसेल तर ‘एसएस’ डॅश ‘टीएनपी’ने जॉबचं नेटवर्क कनेक्शन बघा, ‘सिन-सेंट’मध्ये लटकलं असेल तर पलीकडे कोणी दार उघडत नाही.

आता हात लावायचा तर

सीपीयूची रांग असेल आणि जॉब महत्त्वाचा पण घाईचा नसेल तर मारण्याऐवजी त्याला मागे सरकवा. ‘रीनाइस’ने प्राधान्य बदलतं, उणे २० सगळ्यांत पुढे, १९ सगळ्यांत मागे, नेहमीचं ०. दुसऱ्याला वाट द्यायची परवानगी कोणालाही असते, स्वतःला पुढे घुसवण्यासाठी मात्र रूट (सर्वाधिकार असलेला युजर) लागतो.

हाच जॉब दोषी आहे का, अशी शंका असेल तर ‘किल’ला डॅश ‘स्टॉप’ देऊन त्याला मिनिटभर गोठवा आणि बाकीचं मशीन सुधारतं का बघा. मग डॅश ‘कंट’ने (सी-ओ-एन-टी) पुढे चालू. दोन्ही शब्द कॅपिटलमध्ये. डेटाबेसचं कुलूप हातात असलेला जॉब असा गोठवू नका, त्याच्यामागे सगळं गाव अडकतं.

मारायचंच ठरलं तर आधी साधं ‘किल’, म्हणजे सिग्नल १५. त्यात जॉबला फाइल बंद करायची, अर्धवट काम आवरायची संधी मिळते. अर्धा-एक मिनिट थांबा. मगच डॅश ९. डीमध्ये अडकलेल्या प्रोसेसवर सिग्नल सहसा लागू पडत नाही. एनएफएससाठी थांबलेल्यांपैकी बऱ्याच डॅश ९ ला मान देतात, पण सगळ्या नाही. उरलेल्यांसाठी एकच उपाय: ज्याची वाट बघतायत ते परत आणणं. माझ्या बाबतीत तो स्टोरेजवाल्यांना एक फोन होता. सर्व्हर परत आला असता तर चाळीसही कॉपी आपोआप पुढे सरकल्या असत्या.

कालचं आज बघायचं असेल तर

बऱ्याचदा तक्रार सकाळी येते आणि रात्रीचा गोंधळ मिटलेला असतो. ‘सिसस्टॅट’ चालू असेल तर तो सहसा दर दहा मिनिटांनी नोंद ठेवतो आणि ‘सार’ ती दाखवतं: डॅश ‘क्यू’ने लोड आणि अडकलेल्या प्रोसेस, डॅश ‘यू’ने सीपीयू, डॅश ‘आर’ने मेमरी, डॅश ‘डी’ने डिस्क. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज टाकलं तरी नोंद आपोआप सुरू होईलच असं धरू नका. दुसऱ्या दिवशी ‘सार’ टाकून खात्री करा. प्रोसेसनिहाय इतिहास हवा असेल तर ‘एटॉप’ लागतं. आणि एखाद्या शांत मंगळवारी दुपारी हे सगळे आकडे एकदा लिहून ठेवा. ‘अवेट’ १२ हे तुमच्या मशीनला रोजचं आहे की तापाचं, ते त्याशिवाय कसं कळणार?

त्या बॅकअप स्क्रिप्टचं काय झालं, ते राहिलं. क्रॉनच्या ओळीत स्क्रिप्टच्या आधी ‘फ्लॉक’ डॅश ‘एन’ आणि एका कुलूप-फाइलचं नाव घातलं. आधीची कॉपी चालू असेल तर नवी गुपचूप परत जाते, म्हणून आता चाळीस कधीच जमत नाहीत, फार तर एक. कुलूप-फाइल मात्र आधी घाईत त्याच एनएफएस फोल्डरमध्ये ठेवली होती. दुसऱ्या वेळी स्टोरेज गेलं तेव्हा कुलूप बघायला गेलेलेच तिथे अडकले, आणि लोड नऊवर असताना ते लक्षात आलं. आता ती ‘रन’ फोल्डरमध्ये, स्थानिक मशीनवर आहे.